टिकल्यांचा नकाशा

पूजाच्या आजाराची पहिली खबर मुंग्यांनी आणली. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मोरीच्या कडेला काळ्या मुंग्यांची रांग लागू लागली. आई सकाळी तिच्यावर कढत पाणी ओतायची आणि दुपारी पुन्हा तीच रांग पाहत उभी राहायची. पूजा तेव्हा पहिलीत होती. शाळेतून आली की ती माठापाशीच बसे. तिचे फ्रॉक तिला ढगळ होऊ लागले होते आणि आई म्हणत होती, पोरगी उंच होते आहे. मग एका दुपारी ती हाकेला ओ देईना. तिच्या श्वासाला फार पिकलेल्या फळासारखा वास येत होता. वडिलांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरात इन्सुलिन हा शब्द आला, तो कायमचा.

कुसाबाई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, दुसऱ्या दिवशी लासलगावहून आली. आमच्या घरात शेवटचा शब्द आत्याचा असे. वडील तिच्या पुढे कधी गेले नाहीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिने पदराने कपाळ टिपले आणि आईकडे न पाहता ती म्हणाली, "आमच्यात कुणाला हाय का असलं? नाय. हे कळवणचं हाय, सुला. तुझ्या बापाला साखर होतीच ना?"

कळवण हे आईचे माहेर. आजोबांना साखर होती, हे खरे. पण ती उतारवयातली, निराळी. पूजाचा आजार आणि त्यांचा आजार यांत नावापलीकडे फारसे साम्य नव्हते. हे त्या व्हरांड्यात सांगणारे कुणी नव्हते. हातातल्या डब्याचे झाकण आई उघडत आणि लावत राहिली.

त्या दिवसानंतर आई कळवणला राहायला गेली नाही. लग्नकार्याला सकाळच्या एसटीने जायची आणि संध्याकाळच्या एसटीने परतायची. दिवाळीला वाल्मीकमामा न्यायला यायचा आणि चहा पिऊन एकटाच जायचा. आईचे माहेर जागेवर होते, माणसेही होती. फक्त तिथे पाठ टेकण्याचा आपला हक्क गेला, असे तिने स्वतःशी ठरवून टाकले होते.

मी त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. मला काही बोलता आले नाही; तसे ते नंतरही फारसे कधी आले नाही. पण त्या दिवशी मनात एक प्रश्न रुतला. एकाच आईची आम्ही दोघे. मग पूजालाच का, आणि मला का नाही?

पुढे ज्याला लोक माझी कारकीर्द म्हणू लागले, ती म्हणजे हा एवढाच प्रश्न. नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्र, पुण्याला प्रतिकारशक्तीवरचे संशोधन, डॉक्टरेट. माझ्या बरोबरीचे परदेशी गेले; मी गंगापूर रोडवरच्या एका रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात परत आलो, कारण माझा प्रश्न इथे राहत होता.

आजाराची गोष्ट सांगायला सोपी आहे. शेतातल्या माळ्यावर राखणीला बसलेला माणूस गोफण फिरवून पाखरे हाकलतो. तसे आपल्या रक्तातले राखणदार बाहेरून आलेल्या विषाणूंना हाकलतात. एखाद्या मुलाच्या शरीरात हा राखणदार फसतो आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच, घरच्याच माणसांवर, दगड भिरकावू लागतो. ती माणसे संपली की बाहेरून इन्सुलिन टोचावे लागते. इतके सगळ्यांना माहीत आहे. राखणदार फसतो का, आणि एकाच घरातल्या एकाचाच का फसतो, हे कुणालाही नीट ठाऊक नव्हते.

केंद्राचे प्रमुख डॉ. शेखर हे लहान मुलांचे डॉक्टर. पूजाला पहिले इन्सुलिन त्यांनीच दिले होते, पण मी कामावर रुजू झालो तेव्हा त्यांना ते आठवत असेल असे वाटले नाही आणि मीही सांगितले नाही. त्यांनी अनेक वर्षे एक काम चालवले होते: जिल्ह्यातल्या गरोदर बायांचे रक्त, जन्मलेल्या बाळांच्या नाळेतले रक्त, नावनिशीवार लावून खोल थंडीत साठवून ठेवणे. त्यांतली काही मुले पुढे आजारी पडली, त्यांची भावंडे पडली नाहीत. शीतकपाटाचे दार उघडून धुक्यासारखी वाफ बाहेर आली की सर म्हणत, "प्रश्न माहीत नसताना जमवलेलं रक्त आहे हे, रविराज. प्रश्न तू आण."

आम्ही तिघे होतो. सर, मी आणि बुद्धभूषण. बुद्धभूषण संख्याशास्त्राचा माणूस, नाशिक रोडच्या एका कॉलनीत वाढलेला, आणि माझ्या वाटणीचेही बोलून टाकणारा. जिल्ह्याचा मोठा नकाशा भिंतीवर लावायची कल्पना त्याची. भिंत दगडी होती, टाचण्या शिरेनात. तेव्हा तो पंचवटीतून टिकल्यांची पाकिटे घेऊन आला: आजारी मुलाला लाल, त्याच्या धडधाकट भावंडाला हिरवी.

"दुकानदारीण म्हणाली, बायकोची फारच हौस दिसते," त्याने सांगितले. "मी म्हटलं, बायकोची नाही मावशी, डायबेटिसची. तिने सुटे पैसे द्यायचंच सोडून दिलं."

टिकल्या लागत गेल्या. ज्या गावी मूल राहते, त्या गावावर एक. लासलगावपासून सुरगाण्यापर्यंत लाल-हिरवे शिंतोडे उडाले, आणि त्यांना काही म्हणता काही आकार येईना. लोकांनी आपापली कारणे आम्हाला सुचवली होती: द्राक्षांवरची फवारणी, पिशवीतले दूध, बोअरचे पाणी. आम्ही एकेक तपासले आणि एकेक बाजूला ठेवले. आपल्या केंद्रातल्या भिंतीवर गुलालाचे ताट सांडले आहे असे मला वाटू लागले होते. दिवस मावळताना खिडकीतून तिरपे ऊन यायचे, नकाशावरच्या टिकल्या चमकायच्या, आणि मला प्रत्येक लाल ठिपक्यामागे एक बाक, एक व्हरांडा आणि डब्याचे झाकण उघडणारी-लावणारी एक आई दिसायची. पूजा म्हणायची, "दादा, तुझं लग्न त्या नकाशाशीच लागलंय. निदान वहिनी रंगीबेरंगी आहे."

मग बुद्धभूषणला मुलगी झाली. पेढे वाटून झाल्यावर त्याने टिकल्यांच्या पाकिटातून एक हिरवी टिकली काढली आणि मोठ्या प्रेमाने नाशिक शहरावर लावली.

"ही माझी हर्षाली. आपल्या अभ्यासातली सगळ्यात लहान."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे त्याची बायको अंजली होती. बाळाला जुलाब होत होते. तो खालच्या आवाजात बोलत राहिला आणि फोन ठेवून खुर्चीत बसला.

"संध्याकाळी जाऊन ये घरी," मी म्हटले.

"घरी कुठं? हरसूलला आहेत दोघी. पाचव्या महिन्यापर्यंत तिथंच. मी खानावळीचा पाहुणा."

मी मान हलवली आणि नकाशाकडे पाहिले. हिरवी टिकली नाशिकवर होती. मूल हरसूलला होते.

"भूषण," मी विचारले, "मग तू ती टिकली इथं का लावलीस?"

"मग कुठं लावू? मुलगी नाशिकचीच ना." तो सहज म्हणाला. मग त्यानेही नकाशाकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू विझत गेले.

आम्ही हजारभर घरांत विचारून आलो होतो, तुमचे गाव कोणते. आणि प्रत्येक घराने सासरचे गाव सांगितले होते. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. बाळ तिथे जन्मते, तिथले पाणी पिते, तिथल्या अंगणात त्याला पहिला ताप येतो. तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात जीप येते आणि बाळ 'आपल्या घरी' येते. ते आधीचे महिने कुणाच्याच हिशेबात नसतात. ते इतके सगळ्यांचे आहेत की कुणाला दिसत नाहीत. परदेशातल्या एखाद्या संशोधकाने पहिल्याच दिवशी विचारले असते, बाळ जन्मले कुठे. आम्ही इथलेच असल्यामुळे आम्हाला विचारायचे सुचले नाही. माझा स्वतःचा जन्म कळवणचा, आणि कुणी विचारले की मी आजवर बेधडक नाशिक सांगत आलो होतो.

"सगळ्या टिकल्या काढाव्या लागतील," बुद्धभूषण म्हणाला.

मी हो म्हटले नाही. नाही म्हणण्याचेही धैर्य नव्हते. मला एकाएकी तो दवाखान्याचा व्हरांडा आठवला. लाल टिकल्या उचलून मी माहेरच्या गावांवर नेल्या आणि तिथेच त्यांनी दाटी केली तर? मग आजार खरोखरच माहेराहून येतो, असे माझ्याच हाताने सिद्ध होणार होते. आत्याने बाकावर बसून जे सांगितले, ते मी शास्त्राच्या भाषेत, तक्त्यांसह, साऱ्या जगाला सांगणार होतो. आणि आईला.

मी सरांना एवढेच विचारले, "सर, नको असलेलं उत्तर आलं तर?"

सरांनी चष्मा पुसला. "आपल्याला विचारून येतं, त्याला उत्तर म्हणत नाहीत," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "कुणाची काळजी आहे तुला?"

"आईची."

"मग तर अर्धवट सोडू नकोस."

पुढचे महिने आम्ही फोनवर काढले. मला अनोळखी माणसांशी बोलायची भीती वाटते; पण या बायांशी बोलायला लागलो आणि ती भीती कुठे गेली कळले नाही. त्यांना कुणी हे कधी विचारलेच नव्हते. बाळंतपण कुठे झाले, एवढा प्रश्न कानी पडला की पलीकडे आवाज बदलायचा.

"पाचव्या महिन्यापर्यंत होते मी आईकडं," एक जण सांगत होती. "सासूबाई पंधराव्या दिवशीच न्यायला आलत्या. माझी आई म्हणाली, विहीणबाई, जेवून जा, पण लेक नाय मिळायची. जेवल्या अन् गेल्या." पलीकडून सासूचा म्हातारा आवाज आला, "भाजीत मीठ नव्हतं, तेबी सांग त्याला." आणि दोघी हसू लागल्या.

असे सगळ्यांकडून गोळा झाल्यावर आम्ही नकाशा नव्याने मांडला. या वेळी बुद्धभूषणने दोऱ्याचे रीळ आणले. बाळाने पहिले काही महिने जिथे काढले, तिथे टिकली. आणि त्याची आई जिथे लहानाची मोठी झाली, तिथून त्या टिकलीपर्यंत दोरा. मी टिकल्या लावत होतो, तो दोरे ताणत होता. आम्ही मुद्दामच मध्ये थांबून पाहत नव्हतो. शेवटचा दोरा लावून झाल्यावर दोघे मागे सरकलो, पार दारापर्यंत.

हिरव्या टिकल्यांना दोरा जवळजवळ लागलाच नव्हता. त्या आईच्या गावावरच बसल्या होत्या. दोरे होते ते लाल टिकल्यांना: कळवणहून नाशिकला, पेठहून सातपूरला, हरसूलहून निफाडला, जिल्हाभर ताणलेले, लांबच लांब. आजार माहेरून येत नव्हता. जिथे माहेर सुटले होते, तिथे तो येत होता.

बुद्धभूषणने हर्षालीची हिरवी टिकली नाशिकवरून नखाने अलगद सोडवली आणि हरसूलवर लावली.

मला त्या संध्याकाळी आईला सांगावेसे वाटले. सांगितले नाही. सरांनी नकाशा पाहून पहिला प्रश्न टाकला होता तो असा: "माहेरी जन्मतं ते पहिलं मूल. दुसरं सासरीच होतं. मग हा पहिल्या-दुसऱ्याचा फरक कशावरून नसेल?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही उलटी घरे शोधली: पहिले मूल सासरी आणि दुसरे माहेरी झालेली. ती थोडी होती, पण होती. कुठे घराचे काम निघाले होते, कुठे पहिल्या खेपेला माहेरी सुतक होते. त्या घरांतही दोरे तसेच पडले. आणि सव्वा महिन्यात परतलेल्या बाळांपेक्षा पाचव्या महिन्यापर्यंत राहिलेली बाळे अधिक सुखरूप निघाली.

मग उरले ते साठवलेले रक्त. मुलांना चार दिवस ताप-जुलाब देऊन निघून जाणारे पोटाचे काही विषाणू असतात. आई ज्या गावी वाढते, तिथल्या विषाणूंशी तिचे रक्त लहानपणीच लढून मोकळे झालेले असते. त्या लढाईची ओळख ती नाळेतून आणि दुधातून बाळाला देते. बाळाला तोच विषाणू त्या पहिल्या महिन्यांत भेटला, तर आई जणू शेजारी उभी असते. राखणदार चोराला नीट निरखून घेतो आणि पुढे फसत नाही. परक्या गावचा विषाणू मात्र आईच्या रक्तालाही अनोळखी असतो. तिथे बाळाला त्याच्यापुढे एकट्याने उभे राहावे लागते. ही आमची अटकळ होती. सरांनी वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेल्या त्या नळ्या आम्ही एकेक करून वितळवल्या, आणि त्यांनी अटकळ खरी केली. जी मुले पुढे आजारी पडली, त्यांतल्या पुष्कळांच्या नाळेत त्यांच्या वाढीच्या गावातल्या विषाणूची ओळखच नव्हती.

हे एकमेव कारण नव्हे. आजाराचा पीळ अनेक धाग्यांचा असतो. आम्ही त्यातला एक धागा सोडवला होता. तो तरी खरा आहे का, हे आपले आपण ठरवू नये म्हणून आम्ही निम्म्या नळ्या नावे झाकून दूरच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवल्या. त्यांना आजारी कोण, धडधाकट कोण, काही ठाऊक नव्हते. त्यांचे उत्तर एका सोमवारी सकाळी आले. सरांनी ते उभ्यानेच वाचले, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचले.

"जुळलं," ते म्हणाले.

बुद्धभूषण खाली जाऊन जिलबी घेऊन आला. मधुमेहाच्या केंद्रात जिलबी नको, असे म्हणायचे कुणालाच सुचले नाही. सरांनी एक वेढा हातात धरला आणि शीतकपाटाकडे पाहत म्हणाले, "तू पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तरी चाललं असतं, रविराज. पूजा आहेर नावाची एक लहान मुलगी होती. सुई टोचताना तिनं मला विचारलं होतं, दुखतं का तुम्हाला." त्यांना आठवत होते. मी खिडकीकडे तोंड केले. बाहेर गंगापूर रोडवर नेहमीसारखी वाहने चालली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज आनंदाचा वाटला.

शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लांबलांबच्या देशांतून पत्रे आली. दोन ठिकाणी आमच्या पद्धतीने पुन्हा मोजणी सुरू झाली. माहेर या शब्दाला त्यांच्या भाषेत शब्द नव्हता, म्हणून त्यांनी तो तसाच उचलला. आमच्या कळवणच्या, हरसूलच्या बायांचा शब्द आता जगभरच्या तक्त्यांमध्ये होता. पण मला सांगायचे होते ते एका घरी, आणि तेच जमत नव्हते.

ते सरांनी घडवून आणले. आजारी मुलांच्या पालकांचा मेळावा भरवून त्यांनी माझे नाव वक्ता म्हणून छापून टाकले. सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत आई, शेजारी पूजा, आणि तिच्या शेजारी आत्या. पूजाने तिला लासलगावहून बोलावून घेतले होते. "तुझ्यापेक्षा मलाच जास्त काळजी आहे तुझ्या संशोधनाची," ती मला म्हणाली होती.

मी बोललो. आवाज कापत होता, मग कापेनासा झाला. नकाशा पडद्यावर आला तेव्हा सभागृहात कुजबुज उठली. बाया आपापली गावे शोधू लागल्या. मी शेवटी म्हटले, "आजाराला कारण असतं. पण कारण म्हणजे दोष नव्हे. तुमच्यापैकी ज्या आयांना कुणी सांगितलं असेल, की हे तुझ्या माहेरचं आहे, त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. माहेरानं पुष्कळ मुलं राखली आहेत. मी त्यांतलाच एक."

टाळ्या वाजत राहिल्या. माझे लक्ष आईकडे होते. तिने पदर तोंडाशी धरला होता, आणि तिची मान ताठ होती. ती तशी मी लहानपणापासून पाहिली नव्हती.

लोक पांगल्यावर आत्या माझ्यापाशी आली. ती आता काठी टेकत चालते.

"लय शिकलास रे," ती म्हणाली. "मला एक सांग. पूजीच्या वक्ताला सुला नाशकाला येऊन वरीसच झालं होतं. वाल्मीक न्यायला आलता. मी म्हणले, पहिलं झालं तिकडं, दुसरं आपल्याकडं. मी पाठवली असती तर पोरीचं चुकलं असतं?"

या प्रश्नाची मला भीती होती. आईच्या डोक्यावरचे ओझे उतरवून ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ठेवायचे, यासाठी मी हे काम केले नव्हते. "आत्या, ते कुणालाच सांगता येणार नाही," मी म्हटले. "शंभर घरांबद्दल मला बोलता येतं. एका घराबद्दल नाही."

"मला एकच घर हाय, रवी."

आई मध्ये आली. तिने आत्याचा काठीचा हात आपल्या हातात घेतला.

"आक्का, तुम्ही कुठं अडवलं? मीच म्हटलं होतं, मला नाही जायचं. नवीन घर लागलेलं, यांच्या जेवणाचे हाल झाले असते. मीच राहिले."

हे खरे नव्हते. मामाने मला सगळे सांगितले होते. त्या दिवशी आईची पिशवी भरलेली होती आणि ती दाराशी उभी होती. इतकी वर्षे जिने खोटा आरोप निमूट सोसला, ती आता खरा आरोप खोटे बोलून पुसत होती.

आत्याने तिच्याकडे टक लावून पाहिले. "खोटं बोलायला तुला कवा जमलं नाय, सुला," ती म्हणाली. मग नाक ओढून, "मला कळवणला घेऊन चल. वाल्मीकच्या घरी."

पुढच्या रविवारी आम्ही जीप केली. आई, आत्या, पूजा आणि मी. आईने मोठी पिशवी घेतली होती, राहण्याच्या बेताने, आणि वाटेत तिने ती एकदाही मांडीवरून खाली ठेवली नाही. वणी मागे पडले तसे सप्तशृंगीचे डोंगर निळे होत गेले. पूजाने मोजणी करून दंडाला इन्सुलिन टोचले. "साखर दोनशे तीस," तिने जाहीर केले. "दादाचा शोध माझ्यापर्यंत पोचलेला दिसत नाही." ती हसली. मला हसता आले नाही, आणि तिने ते पाहिले. "अरे, आई राहायला चालली आहे," ती हळूच म्हणाली. "तेवढं मला पुरतं."

वाल्मीकमामा फाटकाशी उभा होता. "बरं शे ना, भाचा?" त्याने मला अहिराणीत विचारले, पण त्याची नजर आईच्या पिशवीवर होती. एवढी मोठी पिशवी त्याने तिच्या हातात इतक्या वर्षांत पाहिली नव्हती.

आत्या जीपमधून सावकाश उतरली, काठी सरळ केली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"वाल्मीक, त्या खेपेला तुमची जीप मी रिकामी लावून दिली होती," ती म्हणाली. "आज भरून आणली."

मामाने वाकून तिला नमस्कार केला. तोवर आई अंगणात शिरलीसुद्धा होती. पिशवी तिने ओट्यावर ठेवली, विहिरीच्या पाण्याने पाय धुतले आणि भिंतीला पाठ टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच नाशिकला परतलो आणि थेट केंद्रात गेलो. नकाशासमोर उभा राहून मी आमच्या घराच्या टिकल्या लावल्या. त्या मी आजवर लावल्या नव्हत्या. पूजाची लाल टिकली सिडकोवर, आणि कळवणपासून तिच्यापर्यंत एक दोरा. तो आता कुणी मिटवू शकणार नाही. माझी हिरवी टिकली कळवणवर. बोटाने दाबून बसवताना मला तिथल्या भिंतीला टेकलेली आईची पाठ आठवली. दोऱ्याचे रीळ मी खणात ठेवून दिले.